पहिली दोन सापासाठी

ओलिटा स्पर्लॉकच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. उरलेली दीड शेडच्या पत्र्यातून आभाळात गेली असं ती सांगायची आणि पत्र्याला पडलेलं भोक दाखवायची. भोक खरं होतं. बोटं मात्र कोंबड्यांनी खाल्ली, हे मला तिच्या नवऱ्याने, हार्लनने, सांगितलं होतं. हार्लन खोटं बोलण्याइतका हुशार नव्हता.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि शिसं घालून हार्लन काडतुसं भरायचा आणि ती शेजारी बसून शिकायची. दोघांच्या गप्पा चालल्या होत्या, त्या नादात एकाच पुंगळीत दारू दोनदा पडली. दुसऱ्या दिवशी तिने चाप ओढला तेव्हा रिव्हॉल्वरची चक्री फुटली आणि वरचा अर्धा तुकडा बोटं घेऊन गेला. त्यानंतर चाळीस वर्षं काडतूस भरताना तिने तोंड उघडलं नाही. दुकानात कोणी कितीही हाका मारो, "मेलीस का आत?" म्हणून ओरडो, हातातली पन्नास पुरी होईपर्यंत ओ नाही. हार्लन हृदयविकाराने गेला, ते सांगायला मी आले होते. मलाही तिने अकरा पुंगळ्या संपेपर्यंत उभं ठेवलं.

पश्चिम टेक्सासमधल्या आमच्या सोटोल गावात पुढे चारा-पेंडीचं आणि मागे काडतुसांचं असं तिचं दुकान होतं. मी जनावरांची डॉक्टर. घोड्याचा पाय मोडला तर त्याच्यापाशी शेवटचं माणूस मीच असते, त्यासाठी लागणारी काडतुसं मी तिच्याकडूनच घ्यायची. आणखी कोणाच्या हातच्या मालावर माझा भरवसा नव्हता.

रिव्हॉल्वरबद्दल लोक फार बडबडतात. बावीसचं बरं की चव्वेचाळीसचं, पंचेचाळीसने बैल पडतो का नाही. हे आकडे नळीच्या जाडीचे; तीनशे सत्तावन्नला आम्ही नुसतं सत्तावन्न म्हणतो. ओलिटाचं मत एका ओळीचं होतं: सत्तावन्नचं घ्या आणि गप्प बसा. सत्तावन्नात अडतिसाचं काडतूसही चालतं. नावात एवढा फरक, पण जाडी एकच. "नावं ठेवणाऱ्याला मोजता येत नव्हतं," ती म्हणायची. फरक लांबीचा. अडतिसाचं काडतूस आखूड, त्याचा आवाज मवाळ आणि दणका कमी. म्हातारीने डब्यावर नेम धरायला, किंवा मी घोड्याच्या कपाळावर टेकवायला तेच बरं. सत्तावन्नाचं लांब आणि जड, त्याने रानडुक्कर जागच्या जागी बसतं. तिसरं सापाचं. त्यात गोळी नसते, मोहरीसारखे बारीक छर्रे असतात. एकच हत्यार, आणि तुम्ही आत काय भरता त्यावर ते खेळणं, दवा किंवा मरण.

आमच्याकडे सगळ्यांची भरायची रीत ठरलेली आहे: पहिली दोन सापासाठी, मागची चार बाकी सगळ्यांसाठी. आठवड्यातून दोनदा तरी कोणाच्या पायरीखाली शेपूट वाजवणारा खुळखुळ्या निघतो आणि सापाला गोळी मारायला जाणारा आपलीच पायरी फोडतो, म्हणून छर्रे.

ते समजावायला ओलिटाने भिंतीवर दोन पुठ्ठे टांगले होते. एकावर सहा पावलांवरून छर्रे मारलेले, पुठ्ठाभर टाचणीएवढी भोकं. दुसऱ्यावर नळी टेकवून मारलेलं तेच काडतूस. तिथे अंगठा जाईल एवढं एकच भोक, कडा जळलेल्या. "छर्ऱ्यांना पसरायला जागा लागते," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "जागा नसली की छर्रे कसले आणि गोळी कसली."

पुठ्ठ्यांशेजारी खिळ्याला तिच्या बापाचं, व्हर्जिलचं, जुनं सत्तावन्न लटकायचं. गिऱ्हाइकांनी दुकानामागे त्यातून वर्षानुवर्षं फक्त आखूड अडतीस उडवलेलं, आणि ओलिटाने ते मुद्दाम साफ केलेलं नव्हतं. आखूड काडतुसाच्या तोंडापुढे काजळी आणि शिसं साचून चक्रीतल्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, कडं धरतं. मग लांब काडतूस अर्ध्यात अडकतं आणि चक्री मिटत नाही. "माझं रिव्हॉल्वर बिघडलंय" म्हणत कोणी आलं की ती व्हर्जिलचं काढून दाखवायची. "बिघडलं नाही, बावळटा. तू न्हाणं घातलं नाहीस."

त्या रिव्हॉल्वरशी तिचं जुनं नातं होतं. आई रॉइसच्या बाळंतपणात गेली, तेव्हा ओलिटा चौदा वर्षांची. रॉइसला तिनेच बकरीच्या दुधावर वाढवलं. बाप प्यायचा आणि घोड्याच्या सामानाचा पट्टा काढायचा. पोर चार वर्षांचं असताना त्याच्या पाठीची सालटी निघाली, त्या दिवशी ओलिटाने बापाचंच रिव्हॉल्वर उचललं आणि सहा पावलांवरून बापाच्या पोटऱ्यांत छर्रे घातले. व्हर्जिल आठवडाभर पालथा पडून शिव्या घालत होता आणि ती चिमट्याने एकेक छर्रा वेचून बशीत टाकत होती. त्याने पुन्हा पट्टा काढला नाही. "सापाचे छर्रे माणसाला मारत नाहीत," ती म्हणायची, "समजावतात."

रॉइस मात्र कोणालाच समजावता आला नाही. मी स्पष्टच सांगते, तो लाडाने बिघडला नव्हता, तो मुळातच तसा होता. सातव्या वर्षी त्याने माझ्या वडिलांच्या खेचराच्या कानात फटाका घातला होता. एकतिसाव्या वर्षी पाण्याच्या टाकीवरून लाइल टीगशी भांडण झालं तेव्हा त्याने लाइलच्या गळ्यात गोळी घातली. लाइल हौदात पडून तासभर मरत होता. मी पोचले तेव्हा त्याच्या बकऱ्या ते लाल पाणी पीत होत्या.

"मी नव्हतोच तिथे," रॉइस कोर्टात म्हणाला. पण हौदापाशी एक लांब पुंगळी सापडली होती. ओलिटाच्या काडतुसं भरायच्या यंत्राला एक खरखरीत कड होती, तिच्या हातच्या प्रत्येक पुंगळीच्या काठावर केसाएवढा ओरखडा उठायचा. आपल्या हातची शिवण बाई ओळखतेच. तिने पुंगळी उजेडात धरली, फिरवली आणि म्हणाली, "माझी आहे. वाढदिवसाला रॉइसला एक पेटी दिली होती. त्या दारूची मी दुसरी भरलीच नाही."

त्याला अकरा वर्षं मिळाली. तुरुंगातून त्याचं एकच पत्र आलं. "ताई, सुटलो की पहिली तू."

तो एप्रिलात सुटला. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं तो कशासाठी येणार. शेरीफचा माणूस एस्पिनोझा दुकानात येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"ओलिटाबाई, ते सापाचे काढा आता. सहाच्या सहा जड भरा."

"भरते की."

"थट्टा नाही करत मी."

"मीही नाही. तुझ्या बायकोचं कुंपण पडून महिना झाला. ते आधी उभं कर, मग मला शिकव."

तिने एप्रनच्या खिशात आपलं आखूड नळीचं सत्तावन्न ठेवायला सुरुवात केली. आत काय भरलंय ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

शनिवारी सकाळी दहाला मी अडतीस घ्यायला गेले होते. ओलिटा गल्ल्यामागे पेटीत माझी पन्नास मोजत होती. दार वाजलं. रॉइसचे केस पिकले होते, तो कुत्र्यासारखा वाळला होता आणि सभ्यपणे हसत होता.

"डॉक्टरीणबाई! अजून जिवंत?"

"तुझ्या इच्छेविरुद्ध," मी म्हणाले.

"बसा. तुमचं काही नाही यात." त्याने दाराला कडी लावली. "ताई."

"खाल्लंस का काही?" ओलिटाने विचारलं. माझ्या देखत विचारलं. मागे शेगडीवर घेवडा शिजत होता.

"खाईन नंतर. तुझ्या मयताचं." त्याने हात वर करून खिळ्यावरचं रिव्हॉल्वर काढलं. "बाबांचं. हे माझंच, नाही का? मुलाकडे जातं." मग त्याने फळीवरून लांब सत्तावन्नाची पेटी ओढून फोडली.

"ती आत जाणार नाहीत," ओलिटा म्हणाली. "कडं धरलंय. आधी ब्रश मारावा लागेल."

"अकरा वर्षांनी आलो तरी तुझं तेच!" तो हसायला लागला. "न्हाणं घाल, ब्रश मार. माझा हात थांबवायला दुसरं काही सुचलं नाही?"

"खरं सांगतेय, रॉइस."

"तू नेहमी खरंच सांगतेस. कोर्टातही सांगितलंस." त्याने पहिलं काडतूस घातलं. ते अर्ध्यावर थांबलं. अंगठ्याने दाबलं, हलेना. दुसऱ्या घरात दुसरं घातलं, तेही तसंच. गल्ल्यावरची हातोडी घेऊन तिच्या लाकडी दांड्याने त्याने ठोकलं. अंगठा सोलवटला, काडतूस आणखी घट्ट रुतलं आणि चक्री मिटेना. त्याच्या मानेवर शिरा आल्या.

"आखूड जातील त्यात," मी म्हणून बसले असते, एवढी माझी जीभ सवयीची. ती दातांखाली धरली.

त्याला सांगायची गरजही नव्हती. "आखूड जातात, मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण ज्याने तू मला आत घातलंस त्यानेच तुला घालायचं होतं. असो." त्याने रुतलेली दोन तशीच ओढून पाहिली, एक निघालं, एक नाही. "तुझ्या एप्रनमध्ये आहे तेही मला माहीत आहे. पहिली दोन सापाची. ती मी खाईन. लहानपणी बाबांच्या पोटऱ्या पाहिल्यात मी. आणि तिसरी तुझ्याने होणार नाही, ताई. तू मला दूध पाजलंयस."

ओलिटाने एप्रनच्या खिशात हात घातला. काडतुसं भरताना असायची तशीच गप्प.

त्याने माझ्या अडतिसाच्या पेटीकडे हात नेला.

पहिला बार त्या हातावर गेला. पेटी उडाली, त्याची बोटं चाळणीसारखी झाली, रक्त माझ्या चष्म्यावर आलं. दुसरा तोंडावर. एक डोळा गेलाच, दुसरा रक्ताने मिटला. कोणीही शहाणा माणूस तिथे खाली बसला असता. रॉइसने रिव्हॉल्वर टाकून दिलं आणि गल्ल्यावरून उडी मारून तो तिच्या अंगावर पडला. त्याने तिचा गळा दोन्ही हातांनी धरला आणि काडतुसं भरायच्या यंत्रावर तिचं डोकं आपटलं. एकदा, दोनदा. मी पेंडीचं फावडं उचलून त्याच्या पाठीत घातलं. त्याला कळलंही नाही. तिच्या घशातून ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि मग तिसरा बार झाला. तो मोठा नव्हता. अंगात दबून गेला.

तो तिच्यावरून बाजूला कोसळला. बरगड्यांखाली शर्ट जळत होता, आत अंगठा जाईल एवढं भोक. मी पेंडीची पोती फाडून आत कोंबली, गुडघ्याने दाबलं. गाय असती तर मी प्रयत्नच केला नसता.

तो हसला, दात लाल. "मारलीस की," तो म्हणाला. "खरी गोळी मारलीस. मला वाटलं... नाही व्हायचं तुझ्याने."

ओलिटा त्याच्या तोंडावर वाकली होती. तिचे ओठ हलत होते. घशातून नुसती हवा येत होती. ती मान हलवत होती, नाही, नाही. त्याच्या उरलेल्या डोळ्यात रक्त भरलेलं, त्याला दिसत नव्हतं. तिने साडेतीन बोटांनी त्याच्या गालावर थापट्या मारल्या, काहीतरी सांगण्यासाठी. दहा मिनिटांत तो गेला.

एस्पिनोझा आला. त्याने तिच्या हातातून रिव्हॉल्वर सोडवलं, चक्री उघडली आणि सहा काडतुसं गल्ल्यावर ओतली. तीन रिकामी, तीन भरलेली. भरलेल्यांच्या तोंडावर निळं झाकण होतं, सापाच्या काडतुसांना ती लावायची तसलं. तिन्हींच्याही. जड एकही नव्हतं.

"बाई," एस्पिनोझा म्हणाला, आणि त्याने टोपी काढली.

मला मात्र राग आला. इतका की तिच्या डोक्याला टाके घालताना मी मुद्दाम हळू हात लावला नाही. या बाईने पस्तीस वर्षं तो पुठ्ठा भिंतीवर टांगून जगाला शहाणं केलं, आणि आपल्या भावासाठी दुकानात सहा पावलांची जागा ठेवली नाही. गल्ला दोन पावलांवर होता.

चौकशीला पंचांनी फार वेळ घेतला नाही. तिला सोडलं, आणि त्यांच्यातला एक रांगडा बाहेर येऊन म्हणाला, "झकास नेम, ओलिटाबाई!" ती त्याच्या बुटांवर थुंकली.

तिचा आवाज तीन आठवड्यांनी परतला, तोही फुटक्या भांड्यासारखा. मी दुकानात होते. पहिलं वाक्य मला उद्देशून होतं.

"त्याला वाटलं का, मी खरी मारली?"

मी खोटं बोलू शकले असते. चाळीस वर्षं लोकांना सांगितलंय की तुमच्या कुत्र्याला काही कळलं नाही.

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग व्हर्जिलचं रिव्हॉल्वर गल्ल्यावर घेतलं. रॉइसने ठोकलेलं काडतूस अजून त्यात रुतलेलं होतं, काठावर त्याच्या अंगठ्याचं वाळलेलं रक्त. तिने पुढून सळई घालून हलक्या हाताने ते बाहेर ढकललं आणि ओरखडा वर येईल असं उभं ठेवलं. पितळेचा ब्रश तेलात बुडवला आणि एकेक घर घासायला लागली.

मी काहीतरी विचारलं. तिने ओ दिली नाही.

पुष्कळ वेळाने तिने तेच लांब काडतूस उचलून पहिल्या घराच्या तोंडाशी धरलं आणि सोडलं. ते आपल्याच वजनाने आत गेलं.