आंबवड्याच्या रस्त्याची बुजलेली मोरी

मी पोचलो तेव्हा रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून तळं झालं होतं. एवढ्या पावसात खालचा ओढा मात्र जवळजवळ कोरडा होता.

आंबवड्याच्या अलीकडे रस्ता मातीच्या भरावावरून जातो. ओढ्याचं पाणी जायला भरावाच्या पोटात दगडी मोरी. आम्ही कल्व्हर्ट म्हणायचो. ती गाळ, झुडपं आणि वाहून आलेल्या झाडानं गच्च बुजली होती. मी खात्याचा ओव्हरसियर. उन्हाळ्यात सफाईला माणसं मागितली होती. ती साहेबांच्या दौऱ्यासाठी रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायला गेली.

वर धनगरांची पाच-सहा घरं. पाणी मेंढरांच्या वाड्यात शिरलेलं. धोंडिबा धनगर दोन कोकरं काखेत मारून धावत आला.

"सायेब, रस्ता फोडा! भिंती मातीच्या हायती, बसत्याल."

मोरीत पहारी घालून पाहिल्या. झाड हलेना. तेवढ्यात इंजिनिअर साहेब घोड्यावरून आले.

"रस्ता फोडायचा? वर काय रिपोर्ट करू?"

"साहेब, पाणी भरावावरून जाईपर्यंत थांबलो तर घरंही जातील, रस्ताही."

साहेब गप्प राहिले. तेच आम्ही हुकूम समजलो.

पण खालच्या अंगाला भागाबाई इरलं घेऊन उभी होती. "हितं फोडलं तर माजं भाताचं खाचर जाईल. परवाच लावणी उरकली."

खरंच होतं. ती भराव चढून वर आली. पलीकडे धोंडिबाची सून सासूला पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येत होती. भागाबाई बघत राहिली.

"म्हातारीला आदी काडा," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघताच, "फोडा. पर त्या करंजाच्या अंगानं. निम्मं तरी वाचंल."

आम्ही करंजापाशी चर खणला. पुढचं काम पाण्यानंच केलं. बघता बघता गाडी जाईल एवढं भगदाड पडलं. दोन भिंती बसल्या, काही कोकरं गेली, माणसं वाचली. भागाबाईचं निम्मं खाचर वाळूखाली गेलं.

रस्त्याचं भगदाड खात्यानं लगेच भरलं. शेतातली वाळू काढायची खात्यात तरतूद नव्हती. ती धनगरांनी पाट्यांनी उपसली, आणि भात निघाल्यावर मेंढरं तिच्याच रानात बसवली. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी देतात ते धान्य तिच्याकडून घेतलं नाही.

त्यानंतर कुठंही बदली झाली, की मी आधी खाली उतरून मोऱ्या पाहायचो. रस्ता काय, जाता-येता दिसतोच.