पटाबाहेरची एक

माझ्या मावशीला सगळी बालवाडी मावशी म्हणायची. फरशी पुसणाऱ्या, नाकं पुसणाऱ्या, चड्डी ओली झाली की बदलणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. तिची खरी भाची मी एकटी, पण तिथल्या पोरांना हे काही पटायचं नाही.

अंगानं काटकुळी, स्वभावानं खमकी. कुणी आवाज चढवला तर ती हातातलं काम थांबवायची नाही, पण उत्तर रोखठोक द्यायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. सारखी काहीतरी कुरतडत असायची, म्हणून आम्ही तिला खारू म्हणायचो. काका दूरच्या बांधकामांवर असायचे, घरी पोरीकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून मावशी तिला कामावर घेऊन जायची.

बालवाडीची फी मावशीच्या आवाक्याबाहेरची. तिथल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्या म्हणाल्या, "बाहेर बसू दे, पण वर्गात नको. बाकीचे पालक काय म्हणतील?" मग खारू चपलांच्या फळीशेजारी, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसायला लागली. ते दार आपोआप लागायचं. मावशीनं त्याच्याखाली लाकडाचा एक तुकडा सारला. मोठ्या बाई जाता-येता तो पायानं बाजूला करायच्या, मावशी पुन्हा सारायची. वर्षभर हे युद्ध चाललं आणि मावशीच जिंकली, कारण फरशी वाळायला दार उघडं लागतं हे उत्तर तिच्या तोंडात कायम तयार असायचं.

खारू उंबऱ्याबाहेरून सगळं शिकली. रंग, आकडे, गाणी, ओळीत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं. हे शेवटचं तर आतल्या पोरांपेक्षा चांगलं शिकली, कारण तिची पाळी कधी यायचीच नाही. मला अजूनही हे लिहिताना राग येतो.

त्या वर्षी शिक्षण खात्यानं एक नवं काढलं. पहिलीत येणाऱ्या किती मुलांनी आदलं वर्ष बालवाडीत काढलं, ते मोजायचं. ज्याच्याकडे बालवाडीचा दाखला नाही, त्याला पहिलीत न घेता वर्षभर तयारी वर्गात बसवायचं. म्हणजे खारूला जे येतं तेच पुन्हा गिरवायचं, आणि बरोबरीची पोरं पुढे निघून जायची.

पंचाईत मोठ्या बाईंचीही झाली. मोजणीचे साहेब वर्गात येऊन, नावं वाचून, प्रत्यक्ष डोकी मोजणार होते. पटावर नावं भरपूर, वर्गात पोरं कमी. फी भरून घरी बसणारी काही होतीच. हजेरी फारच कमी दिसली, तर बालवाडीची परवानगी धोक्यात.

आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी मावशीला खोलीत बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली. काहीतरी शिजतंय हे मावशीला तिथंच कळलं.

"उद्या खारूला आत बसवा," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांची मुलगी वर्षभर फिरकलेली नाही. साहेबांनी तिचं नाव वाचलं की खारूनं हजर म्हणायचं. एवढंच."

"आणि मग?"

"मग खारूचा दाखला मी देते. फी नको, काही नको. सरळ पहिलीत जाईल."

संध्याकाळी मावशी आमच्या घरी आली आणि हे सगळं सांगितलं. माझी आई म्हणाली, "अगं, मग हो म्हण की. एका शब्दानं काय बिघडतंय?"

"ताई, वर्षभर ती खारू म्हणून बाहेर बसली. आणि ज्या दिवशी मोजणार, त्या दिवशी ती दुसऱ्याची पोर?"

"दाखला नाही मिळाला तर?"

"तर नाही मिळाला." बोलली ठामपणे, पण ताटातलं तसंच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं खारूला आत नेऊन पोरांच्या गोलात बसवलं. मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेब आले, नावं वाचायला लागले, आणि डॉक्टरांच्या मुलीच्या नावापाशी पोचले. बाई खारूकडे डोळे मोठे करून बघत होत्या. खारू आईकडे बघत होती. मावशी दारात फडका घेऊन उभी.

"ती आलेली नाही, साहेब," मावशी म्हणाली. "ती येतच नाही. ही माझी मुलगी आहे. ही रोज येते."

"हिचं नाव पटावर नाही."

"पटावर नाही, वर्गात आहे. तुम्ही काय मोजायला आलात?"

तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "ती बाहेर बसते. आम्ही गाणं विसरलो की ती सांगते." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. साहेबांनी आपल्या यादीखाली एक ओळ वाढवली: पटाबाहेर, एक.

संध्याकाळी मावशीचं काम गेलं. दाखल्याचं नाव काढायची सोयच उरली नाही.

पुढे शाळेत प्रवेश सुरू झाले तेव्हा मीही मावशीबरोबर गेले. टेबलामागे तेच साहेब. खात्यात माणसं कमी, त्यामुळे मोजायला तेच आणि प्रवेश द्यायलाही तेच.

"दाखला?"

"नाही."

"मग तयारी वर्ग. शेजारच्या खिडकीवर जा."

"साहेब, तुम्ही हिला मोजलंय."

साहेबांनी मान वर केली. ओळख पटली. "मोजणी वेगळी, प्रवेश वेगळा, बाई."

"तुमच्या आकड्यात ही आहे का नाही?"

"आहे."

"तो आकडा वर पाठवलात?"

"पाठवला."

"म्हणजे वर सांगायचं की ही बालवाडीत होती, आणि मला सांगायचं की नव्हती. आकड्यात धरलीत ना, मग वर्गातही धरा. नाहीतर तो आकडा परत मागवा आणि हिला त्यातून काढा. मी थांबते इथंच."

मागं रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, बाजूला व्हा ना." मावशीनं दोन्ही हात टेबलावर टेकले. मला तिला ओढून न्यावंसं वाटलं. मग माझं खारूकडे लक्ष गेलं. एवढ्या आरडाओरड्यात ती पोर हाताची घडी घालून, आपली पाळी येण्याची वाट बघत उभी होती. माझं डोकंच फिरलं. मीही मावशीच्या शेजारी टेबलावर हात टेकून उभी राहिले.

साहेबांनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. पेन उचललं आणि दाखल्याच्या रकान्यात लिहिलं: मोजणीच्या वेळी प्रत्यक्ष हजर. खाली सही ठोकली.

"तुमच्यासाठी नियम वाकवला, बाई," कागद पुढे करत ते म्हणाले. "आभार तरी माना."

"वाकवला कुठं?" मावशी म्हणाली. "वाकडाच होता, आज सरळ केलात."

मग कागदाची घडी घालत ती खारूला म्हणाली, "चल, आत."