मामांची निळी ठिणगी

आमच्या गॅरेजमध्ये जुने प्लग आणि किस्से दोन्ही कुणी फेकत नाही. एक डबा भरला की दुसरा घ्यायचा, बस्स!

गॅरेज मामांचं, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या बोळात. मी भाचा, पन्नाशी उलटलेला, तरी अजून चावी फिरवण्यापुरताच! गाडी सुरू होत नसली की मामा प्लग काढून इंजिनावर टेकवतात, बॉनेटवर मामींची जुनी गडद साडी चौपदरी टाकतात आणि आत डोकं घालतात. "फिरव!" ठिणगी निळी दिसली तर ठीक, पिवळी दिसली तर ठिणगीला जोर देणारी कॉईल गेली. कधीकधी मीही डोकं घालतो. बाहेर रणरणतं ऊन. आत अंधार, टिक, टिक, निळं. तिथून बाहेर यावंसंच वाटत नाही.

*

आयुधपूजेला इकडे गाड्यांनाही टिळे लागतात; तिच्या दुसऱ्या दिवशी एक वकीलबाई आल्या. गाडी मुकी! बघतो तर ड्रायव्हरनं एकेक वायर उपसून आतल्या प्लगांनाही ओल्या चंदनाचे टिळे लावलेले. सगळा करंट चंदनातूनच पळत होता. मामा पुसू लागले तशा बाई घाबरल्या, "देव रागावणार नाहीं ना?"

"देवास बाहेरून लावलेलें पुरतें, अम्मा!"

*

मग पिवळ्या ठिणग्यांची साथच आली. येईल त्या गाडीची कॉईल गेलेली! नवी लावली तरी पिवळी. पापनाशमच्या मास्तरांची गाडी तर मामांनी कायमची बाद केली. मास्तर त्या गाडीतून आजारी बायकोला रोज संध्याकाळी भातशेतांकडे फिरवून आणायचे. ते बंद झालं.

मला ठिणगी निळीच दिसत होती. पण मामांपुढे बोलणार कोण? त्याची लाज अजून वाटते.

*

एके सकाळी मामा घरात कडाडले, "वेष्टी धुतलीस कां नाहींस? पिवळी आहे!" मामींनी ते शुभ्र धोतर बघितलं, मामांकडे बघितलं, आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, पांढरंही पिवळं दाखवणारा!

*

ऑपरेशननंतर मामा गॅरेजमध्ये आले ते थेट बाद कॉईलींच्या खोक्याकडेच. साडीखाली डोकं घातलं. "फिरव!"

टिक, टिक. मग, "दुसरी लाव."

अशा अकरा लावल्या. माझं मनगट भरून आलं. शेवटी साडीखालून हात बाहेर आला. "मास्तरांस फोन लाव."

मी लावून हातात दिला. मामा आतूनच बोलले, "मास्तर, तुमची गाडी बरी आहे हो. माझीच कॉईल गेली होती!"

पलीकडे मास्तरांनी फोन बाजूला ठेवला. मग फोनमधून त्यांची बायकोला लांबून मारलेली हाक ऐकू आली, "अगो, शाल घे!"