बाबांसाठी गाडीची सीट

निवृत्तीनंतर आईबाबा दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून तिथेच द्वारकेत माझ्या फ्लॅटवर राहायला आले, आणि वर्षभरात बाबांच्या पायांतली ताकद जाऊ लागली. मज्जातंतूंचा आजार आहे, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना ते सांगावं लागलं नाही. जन्मभर सरकारी नोकरीत विजेची कामं केलेला इंजिनिअर. आपल्यातलं काय बंद पडतंय हे त्यांना कळत होतं.

सगळ्यात अवघड होतं ते खुर्चीतून उठणं. मी दिवसभर नोएडाला ऑफिसात. आई एकटी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं करायची. एकदा तिची पाठ अशी धरली की दोन दिवस ती पडून होती. माणसाला उभं करणाऱ्या खुर्च्या परदेशात असतात असं ऐकलं होतं, पण इथे कुठे मिळतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबाच म्हणाले, "अरे, आता परदेशी गाड्या येतायत ना, त्यांच्या सीट मोटरवर हलतात. मायापुरीत बघ."

मायापुरीच्या भंगारबाजारात अपघातात चेपलेल्या एका गाडीची ड्रायव्हरची सीट मिळाली. कडेला वाळलेला तपकिरी डाग होता. मी तो तिथेच नळावर घासला, पण पुरता गेला नाही. आईला सांगितलं, चहा सांडलाय.

पालमच्या वेल्डरने सीटखाली लोखंडी फ्रेम बसवून दिली. "भारी बनवाइए साहब, नहीं तो आदमी समेत उलट जाएगी," तो म्हणाला.

बाबांच्या हातात आता स्क्रूड्रायव्हर राहत नव्हता. ते सांगत आणि मी करत असे. पहिल्यांदा मी रेडिओचा अडॅप्टर लावला; मोटर नुसती टक् करून गप्प झाली. "करंट कमी पडतोय. गाडीची बॅटरी आण." बॅटरी लावली तर वायर तापून वितळायला लागली. "जाड वायर घे. मधे फ्यूज टाक." तिसऱ्या रविवारी सीटची मागची बाजू हळूहळू वर आली. वायरी उलट्या जोडल्या तशी खाली गेली. बाबांना बसवलं, बटण त्यांच्या हाती दिलं. सीटने त्यांना पुढे कलतं केलं आणि वॉकर धरून ते आपले आपण उभे राहिले. आई स्वयंपाकघरात निघून गेली. ती रडत होती.

बटण बाबांच्या सांगण्यावरून घेतलेलं, दाबून धरलं तरच चालणारं. "बोट काढलं की थांबलं पाहिजे," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

चार महिने गेले. मग बोटांतही जोर राहिला नाही, बटण दाबून धरता येईना. एका शनिवारी मी त्यांना न विचारता ते काढलं आणि एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत चालूच राहणारं बसवलं.

"हे धोक्याचं आहे," ते म्हणाले. जीभही जड झाली होती.

"मग दर वेळी आईने उचलायचं का तुम्हाला?"

मी हे ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मला अजून आठवतो.

दोन आठवड्यांनी, दुपारी आई भाजी घ्यायला खाली गेली असताना त्यांनी बटण दाबलं आणि ते परत दाबून बंद करता आलं नाही. सीट शेवटपर्यंत कलली. आई वर आली तेव्हा ते फरशीवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलात आईने त्यांना विचारलं, "अहो, सीट मधेच थांबली कशी नाही?"

"माझं बोट चुकलं," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो.

त्यानंतर ते उठलेच नाहीत. छातीत कफ साठत गेला आणि थंडी सरायच्या आत गेले. सीट मी मायापुरीला परत नेऊन टाकली.

बटण मी बदललं होतं हे आईला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी. ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही तिचा. "अच्छा," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मला वाटायचं, त्या दिवशी मी लवकर वर यायला हवं होतं. इतकी वर्षं तेच वाटत होतं."