भरिताचा धूर

आमच्या रावेरकडे थंडीत कुणाच्या घरी काही चांगलं घडलं की भरीत लागतं. शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची, ठेचायची आणि दिसेल त्याला जेवायला बसवायचं. म्हणजे चांगलं आधी घडतं आणि भरीत नंतर. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, उलटं केलं. पोरगी सातपुड्याच्या टेकडीवरून पॅराग्लायडर घेऊन उडणार म्हणून भरीत आधीच लावलं. अर्धं गाव टेकडीच्या पायथ्याशी हजर!

याला कारण आमचे काका. नानांचे धाकटे भाऊ, खवचटपणात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी पुण्याकडे नोकरी करता करता उडायला शिकले, बरीच वर्षं उडत होते. नाना मोबाइलवरचे माझे व्हिडिओ पारावर दाखवायचे. काका म्हणायचे, "मोबाइलमधी तं काहीबी दाखोता येते." नानांना ते झोंबलं. "आता समोरच दाखोतो," असं बोलून बसले, आणि मीही हो म्हणाले. मला तरी कुठे कमी खुमखुमी होती!

टेकडीचा उतार दक्षिणेकडे, खाली केळीच्या बागा आणि लांबवर तापीकाठ. वर आम्ही दोघंच, मी आणि नाना. मी पॅराग्लायडरचं कापड पसरलं, दोऱ्या तपासल्या, हेल्मेट घातलं, पट्टे बांधले. वारा उडायला हवा तसा समोरून येत होता, मऊ, एकसारखा. असा वारा मिळाला की मन पायांच्या आधी पळतं. नाना खूष. म्हणाले, "देवानं वारा बी धाडला, पाह्य!"

आणि मला भरिताचा धूर दिसला.

खाली तो आमच्याच दिशेनं झुकत होता, टेकडी चढत होता. तिथपर्यंत ठीक. पण आमच्या डोक्याच्या वर गेला की तोच धूर मान वळवून उलटा, तापीकडे पळत होता. म्हणजे खरा वारा पाठीमागून, सातपुडा ओलांडून येत होता. ओढ्यातल्या दगडामागं पाणी उलटं फिरतं ना, तसा तो टेकडीच्या या बाजूला, आमच्याकडे गरगरत होता, आणि त्यातलाच एक झोत आम्हाला समोरून गोंजारत होता. त्यात उडालं की पहिली काही पावलं झकास, मग वर कापड मिटतं आणि माणूस दगडासारखा खाली.

बदलेल म्हणून थांबले. धूर तसाच. तेवढ्यात काकांचा फोन. "काय व माय, भरीत थंडं होऊ राह्यलं. उडते का येऊ तुले उतरून घ्यायले?" मागून हसण्याचा आवाज. असा संताप आला म्हणता! वाटलं, पळावं आणि थेट काकांच्या डोक्यावरून जावं. दोऱ्या हातात घट्ट धरल्या, एक पाय पुढे टाकलासुद्धा. मग पुन्हा धुराकडे पाहिलं आणि पट्टे सोडले.

"नाना, मी नाही उडत."

नानांच्या गळ्यातला गमछा अजून मागे, डोंगराच्याच दिशेनं फडफडत होता. "वारा तं समोरून येऊ राह्यला न?"

"हा वारा खोटा आहे, नाना. तो धूर बघा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. तुले समजते न?"

"हो."

"मंग चाल."

मी कापड गुंडाळून पिशवीत भरलं. पिशवी चांगलीच जड असते. मी हात घालायच्या आत नानांनी ती खांद्यावर घेतली, आणि मी मागत राहिले तरी दिली नाही. सगळ्या गावासमोरून ती मिरवत उतरले. त्यांच्या मागे चालताना मला रडू येत होतं, लाजेचं नाही.

"काय झालं? छत्री फाटली का?" काकांनी विचारलंच.

नानांनी पिशवी सतरंजीवर ठेवली. "पोरगी नाही म्हनली. तुम्ही इतके जन पाहू राह्यले, तरी नाही म्हनली. आता वाढा."

पंगत अर्ध्यात आली आणि टेकडीवरून वारा कोसळला. केळीची पानं भाकरीसकट उडाली, चुलीची राख सगळ्यांच्या डोक्यावर, आणि काकांची टोपी तापीच्या दिशेनं केळीत शिरली. काका तिच्यामागं धावले. परत आले ते गुपचूप माझ्याशेजारी बसले आणि माझ्या पानावर स्वतःच्या हातानं भरीत वाढलं. "खाय माय," एवढंच म्हणाले.

नाना आजही हा किस्सा सांगतात तो काकांच्या टोपीचा. पोरीचं कसं खरं ठरलं, वारा कसा फिरला, सगळं रंगवून. मी ऐकते, हसते. पण ते एक गोष्ट दर वेळी गाळतात, म्हणून मी सांगते. त्यांनी माझी पिशवी खांद्यावर घेतली तेव्हा वारा अजून समोरूनच येत होता.