सहा जणांचा दगड

मयताचं नाव कोरायचं असलं की याकूब परकार आधी नमाजाला करतात तशी हातपाय-तोंड धुऊन वजू करतो, मगच छिन्नीला हात लावतो. मयत कुठल्या धर्माचा, हे तो विचारत नाही. बापाचं नाव आणि गाव मात्र विचारतो. दगडावर सगळ्यात वर मयताचं नाव, मग बापाचं, मग गावाचं, आणि बाकीच्या दुनियेनं उरलेल्या जागेत मावून घ्यावं. दाभोळच्या उस्तादानं घालून दिलेली ही रीत त्यानं शारजाच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं सांभाळली. तशी पोटासाठी त्यानं किती बाथरूमांना लाद्या लावल्या याची गणती नाही; पण माणूस ओळखावा तो त्याच्या अक्षरांवरून. काय अक्षर! डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता यावं.

वडील खलाशी होते. गलबत बुडालं तेव्हा याकूब नऊ वर्षांचा. प्रेत हाती लागलं नाही, म्हणून कबर नाही, आणि कबर नाही म्हणून दगड नाही. आई मरेपर्यंत विचारायची, "त्यांच्यासाठी फातिहा कुठं बघून पढू रे?"

मार्चमध्ये प्रकाश देवस्थळी त्याच्या शेडमध्ये आला. मूळचा पुण्याचा, दुबईत इव्हेंट कंपनीत मॅनेजर. पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्याच्या कडेला एका बॉम्बफेकी विमानाचं स्मारक होतं. दुसऱ्या महायुद्धात ते विमान तिथं आदळलं, आतले सहाही जण गेले. ट्रकच्या धक्क्यानं स्मारकाची पाटी फुटली, आणि आता एक बिल्डर कंपनी नवा दगड बसवून देणार होती.

"सहा नावं आहेत, याकूबभाई. स्पॉन्सरचं मॅटर मागाहून कळवतो."

"बापांची नावं?"

"कोणाच्या बापांची?"

"ह्या सहांच्या. आणि गावं?"

"अहो, रेकॉर्डला नुसती इनिशियल्स आहेत. चालतं की!"

"तुम्हाला चालेल. त्यांना विचारलंत?"

प्रकाश हसला आणि यल्ला यल्ला, चला चला करत गाडीत बसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

घरी, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये, नात फिझा तीन दिवस लॅपटॉपला चिकटून बसली. पाच जणांचं सगळं सापडलं, सहाव्याचं तिसऱ्या दिवशी. "नाना, धिस वन वॉज ओन्ली नाइन्टीन," ती म्हणाली. विमानाच्या शेपटाकडच्या मशीनगनवर बसणारा आर्थर. बाप हेन्री, मासेमार. गाव ग्रिम्सबी, समुद्रकाठचं. याकूबनं ते नाव तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

बिल्डरचं मॅटर येईपर्यंत थांबायचं त्याच्या मनातही आलं नाही. मयताआधी दुसरं काही कोरायचंच नव्हतं, तर थांबायचं कशाला? सहा नावं, सहा बाप, सहा गावं; सगळ्यात खाली आर्थर. दगड काठोकाठ भरला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यानं तो रस्त्याकडेला सिमेंटात उभा केला.

दुपारी प्रकाश आला तो दोन फुटी पितळी पट्टी घेऊनच. बिल्डरचं नाव, खाली लोगो. दगड पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"जागा कुठाय?"

"कशाला?"

"कशाला काय! ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावाला! हे फादर्स नेम, व्हिलेज... कुणी सांगितलं होतं हे?"

"न सांगता करायचं काम आहे ते."

"बरं, खलास. आता वाद नको. खालच्या दोन नावांवर पट्टी बसवू. चार स्क्रू. कोण वाचतंय शेवटची नावं?"

याकूबचा आवाज चढला, तो इतका की पलीकडे पाणी प्यायला थांबलेला टँकरवाला वळून पाहू लागला.

"कोण वाचतंय? त्याच्या आईनं वाचलं असतं! पोरगा आभाळातून पडला परक्या डोंगरात, एकोणीस वर्षांचा! त्याच्या तोंडावर तू बिल्डरची पट्टी ठोकणार? ह्या बिल्डरची नावं काय थोडी आहेत दुबईत? प्रत्येक टॉवरवर आहेत, रात्री लायटी लावून आहेत! ह्या पोराला सगळ्या दुनियेत हा एवढा वीतभर दगड, तोही त्या बिल्डरला सहन होत नाही?"

"चाचा, माझी नोकरी जाईल..."

"मग कर तू." याकूबनं ड्रिल मशीन त्याच्या हातात कोंबलं. "मी भोक पाडणार नाही. तू पाड. पण आधी कुठं पाडतोयस ते मोठ्यानं वाच."

प्रकाशनं मशीन दगडाला टेकवलं. टोक बरोबर हेन्रीच्या नावावर आलं होतं. "आर्थर, सन ऑफ हेन्री..." एवढं त्याच्या तोंडून निघालं, गाव निघालं नाही. घाम पुसायला म्हणून त्यानं मशीन खाली घेतलं, ते पुन्हा वर उचललंच नाही. मग त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला.

"सर, दगडावर ड्रिल करता येत नाहीये. क्रॅक जाईल... नो सर. शेजारी खांब उभा करतो, त्यावर लावतो... यस सर. माझी मिस्टेक."

फोनमधलं ओरडणं याकूबलाही ऐकू येत होतं. त्यानं प्रकाशचे ना आभार मानले, ना पाठ थोपटली. राग अजून उतरला नव्हता. लांब ढांगा टाकत तो दगडापासून दूर गेला, एक, दोन, अशी दहा पावलं, आणि टाचेनं वाळूत रेघ मारली.

"खांब इथं. ह्याच्या अलीकडे आणलास तर उपटून टाकीन."