आत्याचा राखाडी थर

बारावीत चांगले गुण पडले, हाच माझा गुन्हा. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली डॉक्टरकीच्या प्रवेशाचे क्लास निघाले होते, आणि गुणवाल्या पोरीनं डॉक्टरकी सोडून चित्रं काढायची म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळं! वडिलांनी क्लास ठरवूनही टाकला. मी म्हटलं, मरेन पण जाणार नाही, नांदेडला चित्रकलेला जाणार. भांडून भांडून शेवटी एवढं कबूल झालं: प्रवेशासाठी लागणारं तेलरंगातलं माणसाचं चित्र मी पुरं करायचं, ते बघून वडील ठरवतील.

समोर बसायला आत्या, वडिलांची थोरली बहीण. भूकंपात तिचं घर तिच्या अंगावर पडलं होतं. तेव्हापासून ती स्लॅबखाली पाऊल टाकत नसे, आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच राहायची. "काढ की गं, मला कुठं जायचंय," म्हणत तिनं खांद्यावरचा पदर खाली घेतला. तिथं तुळईचा वण होता.

मला शिकवणाऱ्या बाईंची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या विलायती चित्रशाळांची. आधी सगळं अंग नुसत्या राखाडीत उभं करायचं, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या. उजेड-सावली पक्की झाली, थर खडखडीत वाळला, की मग जवसाच्या तेलात कालवलेले कातडीचे रंग, झिरझिरीत, एकावर एक. घाई केली तर चित्र तडकतं.

राखाडी वाळली त्या दिवशी वडील शेडमध्ये आले. चित्र बघून पांढरेफटक पडले, मग ओरडलेच, "जित्या माणसाचं मढं काढलंस व्हय गं? बास झालं! उद्यापासून क्लास!" आणि चादर ओढून चित्रावर टाकली.

"बाबा, अजून रंगच भरला न्हाई! अर्धवट बघून ठरवायचं न्हवतं!" मीही तितक्याच जोरात ओरडले. अस्सा संताप आला होता!

आत्या उठली. चादर तिनंच काढली आणि चित्रातल्या स्वतःला जवळ जाऊन निरखलं.

"माती उपसून तू मला भाईर काढलंस, तवा मी अशीच दिसत व्हते का रं?"

वडिलांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग तू तिथंच थांबलायस. मी न्हाई थांबले. पोरीला रंग भरू दे माझ्यात." ती परत जागेवर बसली, पदर खाली घेतला. "बघायचं तर बस, तुझी अक्का सांगतीय. न्हाई तर जा."

मी तेलात तांबडा कालवला आणि पहिला हात चित्रातल्या वणावरच फिरवला. दुसऱ्या दिवशी क्लासची वेळ टळून गेली, तरी वडील शेडमध्येच बसून होते.